शटल: शब्द मूळचा धोट्याचा

प्रश्न असा आहे: बॅडमिंटन खेळताना आपण ज्याला शटल म्हणतो ते, विमानतळावर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेणारी शटल बस आणि कल्पना चावला ज्यातून अंतराळात गेल्या ते स्पेस शटल, या तिन्ही ठिकाणी एकच शब्द कसा? त्याचा मूळ अर्थ काय, इंग्रजीत तो नेमका कोठे वापरावा आणि मराठीत त्याला काय म्हणावे? प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी सोलापूरच्या पूर्व भागातली आहे आणि आजोबांच्या घरी माग होता, असे तिने शेवटी सहज लिहिले आहे. तिच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच आहे.

मी तीस वर्षे सोलापुरात इंग्रजी शिकवले आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतराचे काम अजूनही करतो; पण या शब्दाशी माझी पहिली ओळख कोशातून झाली नाही. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. त्यांनी निवृत्तीच्या दिवशी घरी आणलेला एक जुना धोटा आज माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो. सव्वा फुटाच्या आसपास लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला, टोकांवर पोलादी टोप्या बसवलेला आणि मधोमध कोरून पोकळ केलेला हा लाकडी तुकडा हातात घेतला की तो वाटतो त्यापेक्षा जड लागतो. पोकळीत आडव्या सुताची कांडी बसते आणि सूत एका बाजूच्या चिनी मातीच्या बारीक भोकातून बाहेर पडते. लाकूड वर्षानुवर्षे घासून इतके गुळगुळीत झाले आहे की त्यावर बोट ठरत नाही. इंग्रजीत यालाच शटल म्हणतात आणि बाकी सारी शटले, बसपासून अंतराळयानापर्यंत, याच्याच नावावर चालतात.

मागावर काय घडते ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय अर्थाची वाटचाल कळत नाही. उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर ताणून लावलेले असतात. त्यातले काही धागे वर उचलले जातात, उरलेले खाली राहतात आणि दोहोंच्या मधे क्षणभर एक बोगद्यासारखी वाट तयार होते. त्या वाटेतून धोटा एका बाजूने फेकला जातो आणि मागे आडवे सूत सोडत दुसऱ्या बाजूला पोहोचतो. फणी ते सूत ठोकून घट्ट बसवते, वरचे धागे खाली आणि खालचे वर जातात, नवी वाट उघडते आणि धोटा आल्या दिशेने परत फेकला जातो. यंत्रमागावर हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडू शकते. पूर्व भागातल्या गल्लीतून जाताना जी लयबद्ध खटखट कानावर येते, तिच्यातला एक मोठा वाटा दर फेरीला धोट्यावर बसणाऱ्या तडाख्याचा असतो.

या वर्णनात दोन गोष्टी आहेत: फेकणे, आणि पुन्हा पुन्हा ये-जा करणे. शटल या शब्दाचा सगळा इतिहास म्हणजे पहिल्या गोष्टीने दुसरीला जागा करून देण्याचा इतिहास आहे.

प्राचीन इंग्रजीत हा शब्द स्कुतेल किंवा शुतेल असा काहीसा उच्चारला जात असावा आणि त्याचा अर्थ बाण, भाला, फेकून मारायचे अस्त्र असा होता. विणकामाशी त्याचा तेव्हा संबंध दिसत नाही. त्याच्या मुळाशी जो जर्मानिक धातू आहे त्याचा अर्थ वेगाने फेकणे, सोडणे असा आहे, आणि आज आपण मराठीतही सर्रास वापरतो ते शूट आणि शॉट हे शब्द त्याच धातूचे आहेत. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत मात्र हा शब्द विणकराच्या धोट्यासाठी आलेला आढळतो. निमुळते टोक, सरळ झेप आणि फेकण्याची क्रिया पाहता हे नाव का पडले असावे ते सांगण्यासाठी कोशकार लागत नाही. ज्याने माग पाहिला आहे त्याला ते दिसते.

याच कुळातला एक शब्द आपण सर्वांनी पाहिलेला आहे, पण नाते कधी लक्षात घेतलेले नसते. तो म्हणजे दुकानाचे शटर. इंग्रजीत बंद करणे या अर्थाचे जे शट हे क्रियापद आहे, ते मुळात दार लोटून घेणे या अर्थाचे नव्हते; दाराला अडसर सरकवणे, कडी घालणे असा त्याचा जुना अर्थ होता. अडसर म्हणजे भिंतीतल्या खोबणीत एका झटक्यात सरकवलेला दांडा, म्हणजे पुन्हा आडवी झेप घेणारी, फेकलेली वस्तू. त्या शटपासून शटर झाले. नवी पेठेत रात्री दुकानांची शटरे खाली येतात आणि पलीकडे कारखान्यात शटल चालू असते, तेव्हा हे दोन चुलतभाऊ एकाच गावात नांदत असतात. विद्यार्थी शटर आणि शटल यांत गोंधळ करतात तेव्हा मी त्यांना रागावत नाही. फरक एवढाच लक्षात ठेवावा, की शटर बंद करते आणि शटल ये-जा करते.

आणखी एक नाते सांगण्याचा मोह होतो आहे, पण ते थोडे जपून सांगतो. चादरीला इंग्रजीत शीट म्हणतात. हा शब्दही काही भाषाशास्त्रज्ञ याच फेकण्याच्या धातूशी जोडतात: कापडाचे पुढे आलेले टोक, पदर, असा अर्थ आणि त्यातून कापडाचा पन्हा. सगळ्यांनाच ही जोडणी सारख्याच खात्रीची वाटते असे नाही. ती खरी धरली, तर सोलापूरच्या कारखान्यात धोटा चादर विणतो तेव्हा इंग्रजीतला एक शब्द आपल्याच दूरच्या बहिणीला विणत असतो, असे म्हणता येईल.

इतर भाषांनी मात्र धोट्याकडे पाहताना वेगळीच गोष्ट पाहिली. फ्रेंचांना त्यात बाण दिसला नाही, होडी दिसली. त्यांचा ‘नावेत’ (navette) हा शब्द छोट्या होडीवरून आला आहे. जर्मन भाषेतही धोट्याला विणकराचे जहाज अशा अर्थाचा शब्द आहे. उलट स्पॅनिशमधला लान्थादेरा हा शब्द भाल्याशी, फेकण्याशी नाते सांगतो आणि त्या बाबतीत तो इंग्रजीच्या जवळचा आहे. गंमत अशी की फ्रेंचमध्येही विमानतळावरच्या ये-जा करणाऱ्या बसला नावेतच म्हणतात. म्हणजे मूळ उपमा बाणाची असो की होडीची, शेवटी दोन्ही भाषांत बसला नाव मिळाले ते धोट्याचेच.

आता आपल्याकडे. सोलापुरात या एका लाकडी तुकड्याला निदान चार नावे आहेत. मराठीत धोटा, तेलुगूत नाडे, कन्नडमध्ये लाळी आणि गिरणीच्या बोलीत शटल. आमच्या गल्लीत मराठी बोलणारे कमी आणि घरात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर जास्त, बाजारात कन्नड, शाळेत मराठी. त्यामुळे एकाच वाक्यात यातले दोन शब्द आलेले मी लहानपणी ऐकले आहेत आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नसे. संस्कृतात धोट्यासाठी तसर किंवा त्रसर हा शब्द आहे. तो फार जुना आहे: ऋग्वेदाच्या १० व्या मंडलात यज्ञाला विणकामाची उपमा देताना सामगानांना धोटे म्हटले आहे. आज टसर म्हणून जे रेशीम विकले जाते त्याचे नावही याच शब्दावरून आल्याचे सांगितले जाते.

येथे एका सापळ्याबद्दल सावध करणे भाग आहे. मराठीत उभ्या धाग्याला ताणा म्हणतात तसे आडव्या धाग्याला बाणा म्हणतात. इंग्रजी शटलचा मूळ अर्थ बाण, मराठीत धोटा जे सूत सोडत जातो त्याचे नाव बाणा. तेव्हा दोन्ही भाषांनी एकच उपमा वापरली, असे एका विद्यार्थ्याने मला मोठ्या उत्साहाने लिहून दाखवले होते. कल्पना देखणी आहे, पण टिकत नाही. विणकामातला बाणा हा विणणे या अर्थाच्या संस्कृत धातूकडे जाणारा शब्द आहे, त्याचा धनुष्यबाणाशी संबंध नाही. आवाजाच्या साम्यावरून शब्दांची सोयरीक जुळवणे हा व्युत्पत्तीच्या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत सुखद अपराध आहे, आणि तो मीही तरुणपणी पुष्कळ केला आहे.

धोटा खऱ्या अर्थाने सुटू लागला तो १७३३ नंतर. तोपर्यंत विणकर तो एका हाताने फेकत असे आणि दुसऱ्या हाताने झेलत असे, त्यामुळे कापडाचा पन्हा त्याच्या दोन हातांच्या पोचेइतकाच ठेवावा लागे. त्याहून रुंद कापड विणायचे तर मागाच्या दोन बाजूंना दोन माणसे बसत. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या जॉन के याने १७३३ मध्ये एका युक्तीचे पेटंट घेतले. त्यात धोटा फणीच्या पुढच्या पट्टीवरून धावे आणि दोन्ही टोकांच्या पेट्यांमधले ठोकळे दोरीच्या एका हिसड्याने त्याला पलीकडे भिरकावून देत. एकटा माणूस रुंद कापड विणू लागला आणि वेगही वाढला. या उडत्या धोट्याला इंग्रजीत फ्लाइंग शटल म्हणतात. विणकर इतके झपाट्याने सूत संपवू लागले की सूतकताई मागे पडली, आणि पुढच्या काही दशकांत कताईची यंत्रे निघाली त्यामागे ही टंचाई हे एक मोठे कारण होते. स्वतः जॉन के याला मात्र पेटंटचा मोबदला मिळवताना नाकीनऊ आले. विणकरांचा रोष आणि कारखानदारांची टाळाटाळ यांना कंटाळून तो फ्रान्सला गेला. त्याचा मुलगा रॉबर्ट याने पुढे एका बाजूला अनेक धोटे ठेवून हवा त्या रंगाचा धोटा पुढे आणण्याची पेटी तयार केली. रंगीत पट्ट्यांचे कापड विणणाऱ्या कोणत्याही गावाला त्या पेटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

या सगळ्या काळात फेकण्याची एक क्रिया म्हणजे एक पिक, हा हिशेब रूढ झाला. यंत्रमागावर मजुरी ठरवताना आजही पिक मोजतात, आणि कापडाची घट्टीही इंचाला किती पिक यावर सांगतात. हा पिक म्हणजे निवडणे नव्हे. इंग्लंडच्या बोलीभाषेत पिक म्हणजे फेकणे, क्रिकेटमधल्या पिच या शब्दाचे ते जुने भावंड. म्हणजे ज्या कामगाराने इंग्रजीचे एक अक्षरही शिकलेले नाही, तोही दर आठवड्याला आपली मजुरी फेकींच्या संख्येवर मोजून घेत असतो.

फेक म्हटली की नेम चुकण्याचा धोका आलाच. धोटा वाटेत एखाद्या तुटलेल्या धाग्यात अडकला किंवा तडाखा तिरका बसला तर तो मागाच्या बाहेर उडतो, आणि पोलादी टोकाचा तो जड तुकडा ज्या वेगाने जातो त्याला बाण म्हणण्यात कोणतीही अतिशयोक्ती नाही. मी दहा-बारा वर्षांचा असताना शेजारच्या कारखान्यात असा धोटा उडाला आणि समोरच्या भिंतीत विटेपर्यंत खळगा पाडून खाली पडला. तेथे नेहमी उभा राहणारा कामगार त्या वेळी कांडी आणायला गेला होता. त्याने परत आल्यावर आधी भिंतीकडे पाहिले, मग धोटा उचलला, टोक अंगठ्याने तपासले आणि माग पुन्हा चालू केला. तो खळगा पुढे कित्येक वर्षे कोणी बुजवला नाही. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ फेकून मारायचे अस्त्र असा होता, हे मी पुढे महाविद्यालयात वाचले तेव्हा मला ते पाठ करावे लागले नाही.

बॅडमिंटनच्या शटलमध्ये ही फेक अजून जिवंत आहे. त्याचे पूर्ण नाव शटलकॉक, आणि ते सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहे, म्हणजे बॅडमिंटन या खेळाच्या कितीतरी आधीपासून. दोन फळ्यांनी पिसांचा गोळा एकमेकांकडे टोलवायचा, तो खाली पडू द्यायचा नाही, असा तो जुना खेळ होता. धोट्यासारखा इकडून तिकडे जातो म्हणून शटल आणि पिसे लावलेली असतात म्हणून कॉक, म्हणजे कोंबडा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी पुण्याच्या छावणीत हा खेळ जाळे बांधून खेळायला सुरुवात केली, काही काळ त्याला पूना असेच नाव होते, आणि पुढे इंग्लंडमधल्या बॅडमिंटन नावाच्या वाड्यावरून आजचे नाव रूढ झाले. आजच्या नियमाप्रमाणे पिसांच्या शटलला १६ पिसे असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅमच्या दरम्यान भरावे लागते. मराठीत आपण त्याला फूल म्हणतो, आणि माझ्या मते हा शब्द मूळ शब्दापेक्षा सुंदर आहे.

फेक विसरली जाऊन नुसती ये-जा उरली ती आगगाडीच्या काळात. दोन जवळच्या स्थानकांमध्ये दिवसभर पुढे-मागे धावणाऱ्या गाडीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शटल म्हणू लागले. मग बस आली, मग विमान. अमेरिकेने परत येऊन पुन्हा उडू शकेल असे अंतराळयान बांधायचे ठरवले तेव्हा त्यालाही तेच नाव दिले गेले, कारण तोपर्यंतच्या यानांपेक्षा त्याचे वेगळेपण हेच होते की ते एकदाच जाणारे नव्हते. जाईल, येईल, पुन्हा जाईल. कोलंबिया हे त्यातले पहिले यान १२ एप्रिल १९८१ रोजी उडाले आणि २०११ च्या जुलैमध्ये हा कार्यक्रम संपेपर्यंत एकूण १३५ उड्डाणे झाली. त्यातली सगळी परतली नाहीत. १९८६ मध्ये चॅलेंजर उड्डाणानंतर काही क्षणांत नष्ट झाले आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया परतीच्या वाटेवर कोसळले, ज्यात कल्पना चावला होत्या. त्या दिवसापासून मला वर्गात हा शब्द समजावताना जाणे-येणे असे सलग म्हणवत नाही, मधे थोडे थांबायला होते.

राजकारणातला प्रयोगही याच अर्थाचा. १९७३ च्या युद्धानंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर हे समोरासमोर बसायला तयार नसलेल्या इस्रायल आणि अरब देशांच्या राजधान्यांमध्ये विमानाने सतत फिरत राहिले आणि त्या पद्धतीला शटल डिप्लोमसी हे नाव पडले. शिवणयंत्रातल्या शटलबद्दल फार सांगण्यासारखे नाही: जुन्या यंत्रांत खालचा दोरा नेणारा तुकडा खरोखरच छोट्या धोट्यासारखा मागे-पुढे सरकत असे, आता तो गोल फिरतो, तरी शिंपी त्याला शटलच म्हणतात. मैदानावरची शटल रन म्हणजे दोन रेषांमधली मागे-पुढे धाव, तीही याच कुळातली.

आता वापराकडे वळतो, कारण परीक्षेत आणि पत्रात उपयोगी पडेल तो भाग हा. इंग्रजीत शटल हे नाम आहे आणि क्रियापदही. क्रियापद म्हणून वापरताना दोन टोके ठरलेली हवीत आणि जाणे-येणे वारंवार व्हायला हवे. या दोन अटी पुऱ्या होत नसतील तर तो शब्द वापरू नये. एखादा माणूस वर्षातून एकदा मुंबईला जाऊन आला, तर तो शटल करत नाही. तो दर आठवड्याला सोलापूर आणि पुणे यांच्यामध्ये फिरत असेल तर करतो. क्रियापदानंतर दोन ठिकाणे सांगताना बिट्वीन आणि अँड ही जोडी येते. अनेक विद्यार्थी बिट्वीन लिहून पुढे टू लिहितात, ते चूक आहे. सकर्मक प्रयोगही होतो: आषाढीला पंढरपूरच्या वेशीबाहेरच्या तळावरून गावापर्यंत बस भाविकांना दिवसभर नेत-आणत असेल, तर ती बस भाविकांना शटल करते असे इंग्रजीत म्हणता येते. मात्र लहान मुलाला कधी आईकडे, कधी वडिलांकडे असे फिरवले जाते तेव्हा जो कर्मणी प्रयोग येतो त्यात किंचित करुणा आणि किंचित तक्रार असते, आणि तेथे मराठीत टोलवाटोलवी हा शब्द नेमका बसतो.

गाडीच्या बाबतीत आणखी एक अट आहे. आपली हुतात्मा एक्सप्रेस रोज सकाळी सोलापूरहून पुण्याला जाते आणि रात्री परत येते. दोन टोके आहेत, ये-जा आहे, तरी तिला शटल म्हणणार नाहीत. शटल म्हणायला अंतर थोडे आणि फेऱ्या पुष्कळ लागतात. नोकरीसाठी रोज जाणे-येणे करणाऱ्यासाठी इंग्रजीत कम्यूट हा वेगळा शब्द आहे. आपण दोन्हींसाठी अप-डाउन म्हणतो. तो शब्दही रेल्वेने दिलेला, इंग्रजी घटकांचा आणि तरीही इंग्रजांना त्या अर्थाने माहीत नसलेला असा आहे. बोलताना खुशाल वापरावा, पण इंग्रजी पत्रात मी रोज अप-डाउन करतो असे लिहू नये.

मराठी प्रतिशब्दांत निवड करावी लागते आणि भाषांतरकाराची खरी परीक्षा येथे होते. ये-जा हा शब्द सर्वांत तटस्थ आहे आणि दहापैकी सात वेळा तो पुरतो. येरझारा म्हटले की अस्वस्थपणा येतो. बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा घालतो त्या येरझारा. हेलपाटा म्हटले की काम न होता परत यावे लागल्याचा त्रास त्यात मुरलेला असतो, कचेरीत दाखल्यासाठी मारतात ते हेलपाटे. खेपेला ओझे हवे: वाळूची खेप, पाण्याची खेप. फेरी म्हटले की वर्तुळ पुरे होते किंवा वेळापत्रक ठरलेले असते. किसिंजर यांच्या त्या प्रवासाला हेलपाटे म्हणणारा लेखक आपले मत सांगून जातो, ये-जा म्हणणारा बातमी देतो. इंग्रजी शटलमध्ये यातला कोणताच भाव नाही, तो कोरडा शब्द आहे. त्यामुळे भाषांतरात भाव भरायचा की नाही हे संदर्भ पाहून ठरवावे. स्पेस शटलला अंतराळयान म्हणणे चूक नाही, पण परत येऊन पुन्हा जाण्याचा मुद्दा त्यात गळतो. तो महत्त्वाचा असेल तेथे मी स्पेस शटल असेच ठेवतो.

मराठीत शटल आला तो कोणत्या लिंगात आला, हेही पाहण्यासारखे आहे. बॅडमिंटनचे ते शटल, कारण मनात फूल आहे. स्थानकावर ती शटल आली, कारण मनात गाडी आहे. अंतराळातले ते शटल, कारण यान. कारखान्यात मात्र मी जुन्या माणसांकडून तो शटल अडकला असेही ऐकले आहे, आणि त्या पुल्लिंगात मला धोटा स्पष्ट दिसतो. परका शब्द भाषेत येतो तेव्हा तो रिकाम्या जागेवर येऊन बसत नाही, आधीच्या शब्दाच्या खुर्चीत बसतो आणि लिंग त्या खुर्चीचे असते.

आता धोटाच मागावरून जातो आहे. धोट्याशिवाय चालणाऱ्या मागांना आपल्याकडे शटललेस म्हणतात. त्यातला एक प्रकार स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणला. त्यात कांडी पोटात घेऊन जाणारा धोटा नसतो. जेमतेम ४० ते ६० ग्रॅम वजनाचा धातूचा छोटा तुकडा सुताचे टोक चिमटीत पकडून पलीकडे झेपावतो. इंग्रजीत त्याचे नाव प्रोजेक्टाइल, म्हणजे फेकलेले अस्त्र. हजार वर्षांपूर्वी शटलचा जो अर्थ होता, नेमका तोच. आणि हा तुकडा आल्या वाटेने परतत नाही. सूत पोहोचवले की तो खाली पडतो आणि साखळीवरून मुकाट्याने मागच्या बाजूला आणला जातो. दर फेकीची दिशा एकच, त्यामुळे ये-जा संपली आणि नुसती फेक उरली.

दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी असा माग जवळून पाहिला. तेथल्या तरुण कामगाराला मी तो धातूचा तुकडा दाखवून विचारले, याला तुम्ही काय म्हणता? त्याने मागाच्या आवाजावर आवाज चढवून एकच शब्द सांगितला: शटल.